शेंद्र्याच्या बंगल्यातलं थेटर

औरंगाबाद,
११ डिसेंबर २०१५

ती. अजिनाथदादास,
हनुमानचा नमस्कार.

तुझा मावसभाऊ अजून जिवंत आहे, एवढं कळवायला शेवटी कागद घ्यावा लागला. पंधरा दिवसांत नऊ फोन केले. दर वेळी शालूवहिनी उचलतात आणि दर वेळी तू मेंढरांमागं गेलेला असतोस. काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी कागदच लिवा. ह्यांना फोनवर बोलायचा कटाळा येतो." बारा वर्षं लग्नाच्या मांडवात स्पीकर लावून माईकवर ओरडलेल्या माणसाला बोलायचा कंटाळा! असो. मोतीराम जीपवाला रोज गंगापूरहून इथं येतो, त्याच्या हाती हे देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

काम असं आहे. मी काकासाहेबांच्या दुकानातर्फे टीव्ही आणि कूलर बसवतो, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या उन्हाळ्यात कूलर खूप खपले, पण आत ओतायला पाणी नाही म्हणून लोक परत घेऊन आले. तेव्हापासून काकासाहेबांनी होम थिएटरचं खूळ घेतलंय. शेंद्र्याकडं ज्यांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, त्यांचे बंगले उठताहेत. त्यातलेच एक आप्पासाहेब. बंगल्यात बावीस नळ आहेत आणि पाणी टँकरचं आहे, पण थेटरची खोली मात्र तयार आहे. आठ खुर्च्या, पडदा, भिंतींना पाच स्पीकर, आणि जावयानं परदेशातून आणलेला पाच चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर. दोघांनी उचलला तेव्हा जागचा हलला. आप्पासाहेब मला विचारतात, "एवढं जड हाय, मंग वाजत का नाय?" त्यात आवाज पाठवणारं काहीतरी पुढं जोडावं लागतं, हे त्यांना तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा सांगायचं त्राण माझ्यात नाही.

आता जोडायचं काय? रिसीव्हर की प्रोसेसर? मी गोंधळलोय आणि खरं सांगायचं तर थकलोय.

आणि मुद्द्याची गोष्ट ही, की काकासाहेब म्हणाले, "ही खोली जो नीट वाजवून देईल त्याला मी कायम ठेवतो. मला कानाचा माणूस पाहिजे." दादा, आपल्या तालुक्यात असा कान एकच आहे. दुकानामागं राहायला खोली आहे, आठवड्यातून एकदा का होईना नळाला पाणी येतं. दोन वर्षं पाऊस नाही, मांडवाचं काम बसलं. तिकडं आता काय ठेवलंय? वास्तुशांत फेब्रुवारीच्या अखेरीस आहे. तू ये. घरात अंबिकासुद्धा म्हणते, दादांना बोलवा.

तुझा,
हनुमान


धनगरवस्ती, ता. गंगापूर,
१९ डिसेंबर

चि. हनुमानास आशीर्वाद. अंबिकेलाही सांग.

पत्र पोचलं. मोतीरामनं ते तंबाखूच्या पुडीसोबत खिशात ठेवलं होतं, वाचताना दोनदा शिंकलो. फोनचं मनावर घेऊ नको. वस्तीवर रेंज नाही आणि माझा डबा फोन पडून पडून कामातून गेलाय. कागदावर माणूस जरा विचार करून बोलतो, तेच बरं.

आता तुझा प्रश्न. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नुसता ओढणारा बैल. कुठं जायचं ते त्याला कळत नाही. सिनेमाच्या आवाजाचे वाटे करायचे, कुठला पुढच्या स्पीकरला, कुठला मागच्याला, कुठला किती, हे प्रोसेसर ठरवतो. आणि रिसीव्हर म्हणजे प्रोसेसर अन् अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात. म्हणून रिसीव्हर घ्यायचा तर त्याच्या पाठीवर 'प्री-आउट' लिहिलेली पाच भोकं हवीत. तिथून आवाज जोर न लावता बाहेर पडतो आणि मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरकडं जातो. ती भोकं नसतील तर दोघांची सोयरीक जमायची नाही, डब्यावर नाव कितीही मोठं असो.

पुढचं सांगण्याआधी मला थोडी माहिती पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं आपल्या मांडवातल्या माईकसारखी तीन टाचण्यांची भोकं आहेत की एका टाचणीची? पूर्ण ताकदीला किती व्होल्ट लागतात, ते पुस्तकात शेवटच्या पानावर असतं. खोली किती लांब, किती रुंद, खाली फरशी की सतरंजी? चित्र काढून पाठव. तुझी चित्रकला मला माहीत आहे, तरी काढ.

यायचं म्हणशील तर आत्ता जमत नाही. टँकर चौथ्या दिवशी येतो, त्याच्यामागं पळताना शालूचा जीव जातो. मेंढरं वीस राहिली. चारा-छावणीत गुराला दावं मिळतं, मेंढराला कोणी विचारत नाही. सकाळी निघतो, दिवसभर हिंडतो, आणि जेवढं पोट घेऊन गेलो तेवढंच घेऊन मेंढरं परत येतात. फार दमायला होतं.

आणि माझ्या कानाचं एवढं कौतुक लोकांपुढं करत जाऊ नको.

तुझा दादा,
अजिनाथ


औरंगाबाद,
२ जानेवारी २०१६

ती. दादास नमस्कार.

चित्र सोबत आहे. डाव्या कोपऱ्यातली म्हैस नाही, ती खुर्ची आहे. खोली वीस फूट बाय चौदा, खाली गुळगुळीत फरशी, टाळी वाजवली तर तीन टाळ्या ऐकू येतात. अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही प्रकारची भोकं आहेत, मध्ये एक खटका आहे. पूर्ण ताकदीला दीड व्होल्ट.

तुझं पत्र काकासाहेबांनी स्वतः वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुकानात पडून असलेला रिसीव्हर ते आप्पासाहेबांच्या गळ्यात मारणार होते. मी तो फिरवून पाठ बघितली तर बाहेर काढायचं एकच भोक, तेही फक्त ढुमढुम वाजणाऱ्या स्पीकरसाठी. काकासाहेब म्हणाले, "च्यायला, वाचलो."

आता दोन वाटा उरल्या. एक, पाची प्री-आउट असलेला रिसीव्हर. त्याच्यासोबत एक छोटा माईक येतो. तो खुर्चीवर ठेवायचा, मशीन प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतं, माईक ऐकतो आणि सगळं आपोआप बसवतो. दुसरी, मुंबईहून येणारा जुन्या बनावटीचा प्रोसेसर. नाव भारी आहे. पण माईक नाही, सगळं माणसानं कानानं ऐकून हातानं भरायचं.

दादा, शहाणा असशील तर दुसरा सांग. काकासाहेबांचाही कल तिकडंच आहे. तो घेतला की कानाचा माणूस लागणारच, आणि तो माणूस तू. तू फक्त लिही, की प्रोसेसरच चांगला. बाकी मी बघतो.

हनुमान


धनगरवस्ती,
११ जानेवारी

चि. हनुमानास आशीर्वाद.

माईकवाला रिसीव्हर घ्या.

कारणं लिहितो, काकासाहेबांना वाचून दाखव. त्या खोलीत फरशीमुळं आवाज घुमणार. तिथं माणसाचा कान बसवला तर तो एका खुर्चीपुरता बसवेल आणि आठवड्यानं पुन्हा बोलावणं येईल. माईक एकेका खुर्चीवर ठेवून मोजता येतं. प्री-आउटमधून दीड व्होल्ट सहज निघतील, पुस्तकात बघून घ्या. खटका एका टाचणीच्या बाजूला ठेवायचा. रिसीव्हरच्या पोटातला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर रिकामा बसेल, बसू दे. सुरू करताना मोठा शेवटी सुरू करायचा, बंद करताना आधी तो बंद करायचा, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. फरशीवर एक जाड सतरंजी टाका.

तो जुना प्रोसेसर वाईट नाही. पण आप्पासाहेबांना तो नको.

कडब्याचा भाव विचारू नको. शालूची तब्येत बरी आहे.

अजिनाथ


औरंगाबाद,
१८ जानेवारी

दादा,

धन्य आहे तुझी. समोर वाढलेलं ताट लाथेनं उडवायला अक्कल लागते, ती तुझ्याकडं भरपूर आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं. माईक म्हटल्यावर आप्पासाहेबांना तर लहान मुलासारखा आनंद झाला, रिसीव्हर आलासुद्धा. काकासाहेब मात्र म्हणाले, "माईकच सगळं करतो, तर मग तुझ्या दादाला ठेवून मी काय करू?"

तुला यायचंच नाही, हे आता माझ्या ध्यानात आलं. मी मांडवाचं काम सोडून शहरात आलो, तो राग तू अजून धरलास. खरं सांगू? राग मी धरायला पाहिजे. सहा वर्षं तुझ्यासोबत काम केलं, पण एकदा तरी मला मशीनपाशी उभं केलंस? कायम तिकडं मांडवामागं जनरेटरवर बसवलंस. नवरदेवाची वरात मी कधी बघितली नाही, सहा वर्षं डिझेलचा धूर बघितला. तुला मी कधी बरोबरीचा वाटलोच नाही. आणि आता तुझ्यासाठी जागा धरली तर तीही नको.

फोन करणार नाही. तू उचलतोस कुठं?

हनुमान


धनगरवस्ती,
२७ जानेवारी

हनुमान भावजीला शालूचा नमस्कार.

माझं अक्षर असंच हाय, चौथीपस्तोर शिकले. हे मेंढराकडं गेलेत, खरंच गेलेत, तवर लिवते.

भावजी, ह्यांना ऐकू येत नाय. तीन वर्सं झाली. आधी उजवा कान गेला, मंग डावा. सरकारी दवाखान्यात नेलं व्हतं. डाक्टर म्हणले शीर मेली, मशीन लावूनबी लई फरक पडायचा नाय. माझ्या तोंडाकडं बघून समजून घेत्यात. रेंजबिंज समदं खोटं हाय, फोन म्हणून मीच उचलते. कुनाला सांगू नको म्हणून शपथ घातली व्हती, ती आज मोडते.

तुमचा कागद त्यांनी वाचला अन् माझ्या हातात देला. जनरेटरचं वाचून मला रडूच आलं. भावजी, जनरेटर मांडवापून शंभर पावलं लांब असायचा. लगीन झालं तवा मी ह्यांना विचारलं व्हतं, भावजीला तिकडं एकलं का बसवता? तर म्हणले, "दोघांचे कान कशाला घालवायचे? त्यो तिकडंच बरा." त्यांना तवाच कानात शिट्टी वाजायला लागली व्हती.

तुमी म्हणता ती नोकरी ह्यांना पाहिजे हाय. रोज तेच काढत्यात. पन म्हणत्यात, काकासाहेबाला कान पाहिजे, माझ्याकडं त्योच नाय, मंग पगार घेनं म्हंजे फसवनूक. माईक बसवला तर त्या खोलीत कोन तरी खरं ऐकल. म्हणून तसं लिवलं.

परवा मागून मोटारसायकल आली. तिनं हारन वाजवला, ह्यांना कुठं कळतंय? धोतर फाटलं, पाय वाचला. मला आता लई भ्याव वाटतं. मेंढरामागं मानूस धाडायचा अन् दिसभर वाट बघायची, हे माझ्यानं व्हत नाय.

मी सांगितलं हे कळू देऊ नका.

शालू


औरंगाबाद,
१४ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी जास्त लिहिलं. डोकं ठिकाणावर नव्हतं, माफ कर. माईकवाला रिसीव्हर घ्यायला सांगितलंस ते अगदी योग्य केलंस.

एक अडचण आली आहे, तुझ्याशिवाय कोणाला विचारू? सगळं जोडलं. माईक खुर्चीवर ठेवला, मशीननं आवाज सोडले, मोजलं. पण खोली काही नीट वाजत नाही. ढोल वाजतो तर पोटात काहीच होत नाही. गाणाऱ्याचा आवाज सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही. आप्पासाहेबांच्या आई, द्वारकाबाई, शेवटच्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मानूस गातोय, पन त्याचं तोंड कुठंय?" काकासाहेब रिसीव्हरच परत पाठवायच्या गोष्टी करताहेत. वास्तुशांत दोन आठवड्यांवर आली.

तारा मी आपल्या रीतीनंच लावल्या. भिंतीतून निघालेल्या दोन तारांपैकी एकीला गाठ होती. गाठ म्हणजे लाल, म्हणजे प्लसची तार, हे तूच शिकवलंस, तसंच पाची ठिकाणी केलं. डावीकडची भिंत मध्यंतरी वास्तुदोष काढायला पाडून पुन्हा बांधली, पण तिथल्या तारांनाही गाठी आहेत. मोजताना टीव्हीवर 'फेज' असं काहीतरी आलं होतं, मी पुढं जायचं बटण दाबलं.

तुला सवड होईल तेव्हा लिही. तब्येतीला जप. रस्त्यानं मेंढरं नेताना कडेनं चालत जा.

तुझा,
हनुमान


धनगरवस्ती,
१६ फेब्रुवारी

चि. हनुमानास आशीर्वाद.

रिसीव्हर परत पाठवू नका, तो चांगला आहे.

डावी भिंत नंतर बांधली म्हणजे तिथं वायरमन दुसरा. त्याची गाठ त्याच्या रीतीची, आपल्या नाही. तो काळ्या तारेला गाठ मारत असणार. मांडवात एक भोंगा या झाडावर, एक त्या झाडावर, तिथं तार उलटी लागली तरी वरातीत कोणाला पत्ता लागत नाही. बंद खोलीत चालत नाही. एका बाजूचे स्पीकर हवा पुढं ढकलतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे मागं ओढतात, आणि ढोल मधल्यामध्ये मरतो. 'फेज' म्हणून मशीन तेच सांगत होतं. माईकनं ऐकलं होतं बाबा, तू ऐकलं नाहीस.

सगळं बंद कर. तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून मोकळ्या कर. घड्याळातला एक पेन्सिल सेल घे. गाठवाली तार सेलच्या टोपीला आणि दुसरी बुडाला, नुसती क्षणभर टेकव. स्पीकरची जाळी काढून आतला कोन बघायला अंबिकेला उभं कर. बाहेर आला तर गाठ खरी, आत गेला तर खोटी. पाची तपास. उलट्या सुलट्या केल्यावर माईक पुन्हा मांडून मोजून घे. याला कान लागत नाही, डोळा पुरतो.

आता दुसरं. हनुमान, तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही. 'साष्टांग' काय, 'तब्येतीला जप' काय. रस्त्याच्या कडेनं चालायचं तुला कोणी सांगितलं? शालूनं लिहिलं ना? तिला रागावलो नाही. रागवायला तोंड उघडलं, पण ती रडत होती.

खरं आहे ते. मला ऐकू येत नाही. मांडवाचं शेवटचं वर्षभर मी ताटलीत ज्वारीचे दाणे टाकून ती स्पीकरवर ठेवायचो आणि दाणे कसे नाचतात ते बघून आवाज बसवायचो. लोक म्हणायचे, काय अजिनाथची कला! मीही मान हलवायचो. लाज वाटायची रे. ज्याच्यावर नाव कमावलं तेच गेलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तुझा फोन वाजला की शालू माझ्याकडं बघायची आणि मी उठून बाहेर जायचो. तुझा आवाज ऐकून तीन वर्षं झाली. त्याचं वाईट वाटतं, बाकी कशाचं आता वाटत नाही.

हे पत्र काकासाहेबांना सगळंच्या सगळं वाचून दाखव. मला कामाची गरज आहे, हेही सांग. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्यांच्याकडं काम असेल तर मी येईन. नसेल तर तसं स्वच्छ लिही, गोड करून लिहू नको.

अजिनाथ


औरंगाबाद,
२४ फेब्रुवारी

दादा,

डाव्या भिंतीवरचे दोन्ही उलटे होते. अंबिकेनं पहिल्याच फटक्यात सांगितलं, "आत गेला." तिला एवढा आनंद झाला, की बाकीचे तीनही तिनंच तपासले. सुलटे करून पुन्हा मोजलं आणि ढोलाचं एक गाणं लावलं. द्वारकाबाई पदर सावरून ताठ बसल्या आणि पडद्याकडं बोट करून म्हणाल्या, "आत्ता दिसला बघ मानूस." आप्पासाहेबांनी तेच गाणं चारदा लावलं. तेवढ्यात खाली टँकर आला, तर सगळे उठून पाणी भरायला गेले आणि थेटरात मी एकटाच बसलो. तुझी लई आठवण आली.

जनरेटरचं मला माहीत नव्हतं. मी सहा वर्षं मनात शिव्या घातल्या. मला आज सगळं स्वच्छ ऐकू येतं, ते कोणामुळं हे आता कळलं, आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

पत्र काकासाहेबांना वाचून दाखवलं. मध्ये मी अडखळलो तर त्यांनी ते हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं. मग म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो: "कानवाले तिघं ठिवून बघितले. एकानंबी डब्याची पाठ वाचली नाय. ऐकायचं काम गिऱ्हाईकाचं हाय. ह्याला येऊ दे."

गोड करत नाही, म्हणून अटीही सांगतो. गिऱ्हाईकाकडं तुला एकट्याला पाठवणार नाहीत, मी सोबत असेन. रस्ता ओलांडताना माझं ऐकायचं, म्हणजे माझ्याकडं बघायचं. खोली लहान आहे, पत्र्याची आहे, मेमध्ये तापेल. सोमवारपासून काम.

मी स्टँडवर येतो. कोणती गाडी ते कळव.

हनुमान


धनगरवस्ती,
२७ फेब्रुवारी

चि. हनुमानास आशीर्वाद.

सोमवारी सकाळी गंगापूरहून निघणारी पहिली गाडी. साडेनऊपर्यंत पोचेन. शालू मेंढरांची सोय लावून महिन्याभरानं येईल. वीसपैकी आठ तिच्या भावाकडं जातील, बाकीच्यांचं अजून ठरत नाही, ती रोज एकीचं नाव घेऊन रडते. माझ्या सामानात एक वळकटी आणि पक्कड-पेचकसाची पिशवी. काकासाहेबांना माझा नमस्कार आधीच पोचव, मला त्यांच्यासमोर काय बोलायचं ते सुचणार नाही.

कानाचं काय करायचं म्हणून विचारतोस. काही करायचं नाही, वापरायचे.

आणि एक ध्यानात ठेव. स्टँडवर गर्दी असेल. लांबून "ए दादा" म्हणून बोंब मारायची तुझी सवय आहे. तसं करू नको, मी तसाच पुढं निघून जाईन. समोर येऊन उभा राहा.

तुझा,
दादा